कन्फर्म तिकिटाचा गळ

माझी आई लालबागमध्ये सगळ्यांना सांगते की आमची मुलगी कॉम्प्युटरच्या पोलिसांत आहे. त्यामुळे मी घरी असले की आमच्या मजल्यावरचे लोक हातात फोन घेऊन येतात. कुणाचं व्हॉट्सॲप चालत नाही, कुणाच्या फोनमध्ये जागा उरलेली नाही, एका मावशींना जावेनं आपल्याला ब्लॉक केलंय का ते पाहून हवं असतं. सायबर सिक्युरिटी ॲनालिस्ट म्हणजे हे नव्हे, असं सुरुवातीला मी तावातावाने सांगायचे. आता सांगत नाही. मावशींना जावेनं ब्लॉक केलेलंच होतं.

खरं काम चालतं परळला, पूर्वी गिरणी होती त्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत. दिवसभर पडद्यावर इशारे येत राहतात. कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकला, कुणीतरी अनोळखी ठिकाणाहून लॉगिन केलं. प्रत्येक इशाऱ्यामागे चोर असू शकतो म्हणून धावायचं, आणि तिथे बहुतेक वेळा कॅप्स लॉक चालू ठेवून बसलेला एखादा मॅनेजर सापडतो. चोर पकडल्याचा आनंद क्वचित. चिडचिड मात्र रोजची, आणि ती मला छान जमते.

या नोकरीतला एक भाग मला मनापासून आवडतो, तो म्हणजे खोटी पत्रं लिहिणं. चोर जशी फसवी ईमेल पाठवतात तशीच आम्ही आमच्याच कर्मचाऱ्यांना पाठवतो आणि आतल्या लिंकवर कोण बोट ठेवतं ते बघतो. वर्षात तीनदा फसलात की सक्तीचं प्रशिक्षण, आणि ते पुरं होईपर्यंत रजा बंद. लोक मला कॅन्टीनमध्ये शेजारी बसू देत नाहीत ते यामुळेच.

अकाउंट्समधले एक काका दोनदा फसले होते. पहिल्यांदा पगारवाढीच्या पत्राला, ते मी समजू शकते. दुसऱ्यांदा ‘शुक्रवारी कॅन्टीनमध्ये सुरमई, नाव नोंदवा’ या पत्राला. काका राहायला गिरगावात, मूळचे कणकवलीकडचे. सुरमईपुढे त्यांचा निभाव लागणं शक्य नव्हतं, आणि हे ठाऊक असूनच मी ते पत्र लिहिलं होतं.

यंदा गावचा गणपती काकांच्या पाळीचा होता. तिघा भावांत पूजेची पाळी फिरते. गेल्या पाळीला काकांचं ऑडिट आलं, त्याआधीच्या पाळीला गुडघ्याचं ऑपरेशन. दोन्ही वेळा त्यांच्या जागी धाकटा भाऊ पूजेला बसला. “ह्या वेळी नाय गेलो ना, तर बाप्पा मला ओळखायचा पण नाय,” असं ते मला लिफ्टमध्ये म्हणाले होते. आणि प्रशिक्षणाची पुढची बॅच नेमकी गणपतीच्या आठवड्यात होती. म्हणजे काका तिसऱ्यांदा फसले, की पूजा पुन्हा धाकट्याकडे.

दिल्लीहून व्हिडिओवर भेटणारे आमचे साहेब म्हणाले, पुढचं पत्र सणाला धरून हवं. मी लिहिलं, ‘गणपतीच्या गाडीचं आपलं वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं आहे. डबा आणि सीट पाहण्यासाठी इथे क्लिक करा.’ साहेबांना ते फारच साधं वाटलं. मी ते तसंच ठेवलं, निम्मं ऑफिस कोकणातलं आहे हे मला माहीत होतं. काकांचं नाव यादीतून काढावंसं वाटत होतं, पण एकालाच वगळणं नियमात बसत नव्हतं. शिवाय पत्र झकास जमलं होतं.

सकाळी पत्र सुटलं आणि क्लिक पडायला लागले. काकांच्या नावावर काहीच दिसेना तेव्हा मी हुश्श केलं. तेवढ्यात त्यांच्या नावावर गिरगावातून एक क्लिक आला. मग डोंबिवलीहून. मग कणकवलीहून लागोपाठ तीन. मग मस्कतहून. प्रत्येकाच्या पत्रातल्या लिंकला वेगळी खूण असते, त्यामुळे ती कुणीही दाबली तरी नाव मूळ माणसाचंच लागतं. एक माणूस एकाच वेळी इतक्या ठिकाणी असू शकत नाही, एवढं मात्र आमच्या यंत्रणेला कळतं. तिने बोंब ठोकली. काकांचं खातं चोरांनी पळवलं असं समजून साहेब व्हिडिओवर उभ्यानेच अवतरले आणि त्यांनी ते बंद करायला लावलं.

मी धावत अकाउंट्समध्ये गेले. काका चहा पीत होते.

“कॉम्प्युटर बंद पडला,” ते म्हणाले, “म्हटलं चहा तरी घेऊ.”

“काका, ती तिकिटाची लिंक दाबलीत?”

“छे गं. माझं वेटिंग बघितलंस का? अर्धी गाडी रिकामी झाली तरी माझा नंबर लागायचा नाय. इतकं चांगलं आपल्या बाबतीत होत नसतं. मला लगेच कळलं, हा चोर आहे.”

“मग?”

“मग तू ट्रेनिंगमध्ये सांगितलंस तसं केलं. संशय आला की चार जणांना सावध करा. तो मेल फोनवरून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं पण, हे उघडू नका.”

“ग्रुपवर कोण कोण आहे?”

“सगळे.”

“आणि?”

काकांनी चहाचा घोट घेतला. “उघडलं असणार.”

दुपारी साहेबांपुढे सुनावणी झाली. ते म्हणाले, लिंक त्यांच्या नावाची, क्लिक त्यांच्या नावावर, नियम स्पष्ट आहे. माझं डोकं फिरलं. काकांच्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून लिंक एकदाही दाबली गेलेली नाही, हे मी दाखवलं. गिरगावातला क्लिक काकूंचा होता, घरातून. काकांनी फक्त माझं ऐकलं, आणि शिक्षाच द्यायची तर मला द्या, असंही मी आवाज चढवून सांगितलं.

“पण नको म्हटलेलं असताना घरच्यांनी उघडलं कशाला?” साहेबांनी विचारलं.

“सर, नको म्हटलं म्हणूनच.”

साहेबांनी स्वतःच्या फोनकडे एकदा पाहिलं. त्यांच्याही घरच्यांचा ग्रुप असावा. शेवटी त्यांनी काकांची रजा मंजूर केली, आणि ‘इतरांना नव्हे, फक्त आम्हाला कळवा’ अशी दुरुस्ती माझ्या ट्रेनिंगमध्ये करायला लावली.

काकांचं तिकीट शेवटपर्यंत कन्फर्म झालं नाही. ते एसटीने कंबर धरत गेले. आमचं गाव तिथून जवळच, म्हणून गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे दर्शनाला गेले. काका सोवळं नेसून, आरती संपवून, घामाघूम आणि भलतेच खूश होते. “ही ती पत्र लिहिणारी,” अशी त्यांनी माझी ओळख करून दिली. जेवायला बसलेलं अख्खं घर माझ्याकडे बघायला लागलं.

मला उपदेश केल्याशिवाय राहवत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ पानात पडायच्या आतच मी विचारलं, “काकांनी उघडू नका असं स्पष्ट लिहिलं होतं. मग उघडलंत का?”

सगळे आपापल्या पानात बघायला लागले. काकांच्या धाकट्या भावाची बायको वाढत होती. कणकवलीच्या तीन क्लिकांपैकी एक तिच्या नवऱ्याचा होता आणि उरलेले दोन्ही तिचेच, हे तिने स्वतःच सांगून टाकलं.

“आमका म्हायत होता गो, ता खोटा आसा म्हणान,” ती म्हणाली. “भावोजींनी लिवलेलाच ना. पण दोन वेळा गणपती तेंच्याशिवाय बसवलो. म्हटला, खराच तिकीट गावला आसला तर?”

काका उठून आत पाणी आणायला गेले, समोर तांब्या भरलेला असताना. मी लिहिलेलं सगळ्यात यशस्वी पत्र, आणि मला त्या क्षणी त्याची मनापासून लाज वाटली.

तिने माझ्या पानात आणखी एक वडा वाढला. “बरा लिवलंस,” ती म्हणाली. “आता फुडल्या वर्साक खरा लिव.”