न वाजवलेली घंटी

तुंगार्लीहून दर शनिवारी आमच्या कुरवंड्याच्या शाळेत एक काका येतात. त्यांचे वडील ज्या गोऱ्या साहेबांकडे चाकरीला होते, त्यांच्या बंगल्यातली एखादी वस्तू पिशवीतून काढतात आणि मुलांना तिचं चित्र काढायला, तिची गोष्ट लिहायला सांगतात. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’नं सुरू होतं. गुडघे दुखतात म्हणून ते खुर्चीवरून हलत नाहीत. प्रार्थनेलाही बसूनच हात जोडतात.

एकदा त्यांनी नोकरांना बोलवायची पितळी घंटी आणली. “समजा, ही वाजली की आपली माणसं हातातलं काम टाकून पळायची.” आतला लोलक त्यांनी बोटानं घट्ट धरला होता. मुलांनी कितीही गळ घातली तरी त्यांनी ती वाजवली नाही. मुलांनी मग तिच्यावर पानंच्या पानं लिहिली.

पुढच्या शनिवारी पाटीपूजन होतं. चित्रं अर्धी राहिली होती, म्हणून काकांनी घंटी परत आणली होती. एका मुलीनं ती पाट्यांच्या रांगेत मांडली आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं.

“अगं, ही पूजेची नाही,” मी म्हणाले.

“पन बाई, हिच्यावर आमी लय लिवलंय. मंग पाटीसारखीच झाली की.”

मी काकांकडे पाहिलं. ते “समजा” म्हणाले आणि थांबले. तेवढ्यात पूजा झाली म्हणून तिनं सवयीनं घंटी वाजवली.

काका ताडकन उठून उभे राहिले.

ते पूजेला उठले की घंटीला, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं, कारण बराच वेळ ते स्वतःच्याच गुडघ्यांकडे बघत उभे होते.