पोळ्यावालीचं पुस्तक

मॅडमनी माझी पिशवी ओट्यावर उपडी केली. डबा पडला, रुमाल पडला आणि पुस्तक.

"हे आमच्या कपाटातलं."

"नाही मॅडम. माझं आहे. विकत घेतलंय."

त्या हसल्या. सरांना हाक मारली, "ऐकलंत का? आपली पोळ्यावाली हे वाचते म्हणे!"

मेहरूणच्या कॉलनीत त्यांच्याकडे मी पोळ्या करायचे. दोघंही कॉलेजात शिकवणारे. भिंतभर पुस्तकं. ती मी पुसायची, उघडायची नाहीत. त्यातलंच एक नाव बसस्टँडजवळच्या पुस्तक प्रदर्शनात दिसलं. परदेशातली जुनी कादंबरी, मराठीत आणलेली. त्यांची जाड पुठ्ठ्याची, माझी जनआवृत्ती. पातळ कागद, बारीक अक्षर. नववीत शाळा सुटल्यापासून पुस्तक असं हातात धरलंच नव्हतं. त्यात एक बाई परक्यांचे कपडे धुते. मालकीण बोलली की खाली बघते. इतक्या लांबच्या माणसाला माझं कसं कळलं? मी रडले होते.

मी कपाटाकडे बोट केलं. त्यांचं पुस्तक जागेवरच होतं. सरांनी पाहिलं. मॅडमनीही.

"असू दे. पण तुला काय कळणार यातलं? राहू दे इथंच. काम सोडून वाचत बसशील."

मी कणीक मळली. पोळी करपली, त्याचंही ऐकून घेतलं.

घरी आई म्हणाली, "जाऊ दे माय. त्यास्नं घर शे. पुस्तक गयं ते गयं, काम ऱ्हायनं पाहिजे."

तिचं चूक नव्हतं. माझ्या कामावरच आमच्या दोघींची चूल पेटायची.

दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मॅडमनी मला बाहेर बोलावलं. "सांग गं यांना, शेवटी काय होतं त्या गोष्टीत?"

सगळे हसायच्या तयारीत. पीठ लागलेले हात कुठे ठेवावेत कळेना.

"शेवट वाचला नाही. पुस्तक तुमच्याकडे आहे. द्या."

"आवाज खाली," सर म्हणाले.

"द्या."

"उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

पुस्तक दिलं नाही. मी काय करणार होते? हिसकावलं असतं तर खरंच चोर ठरले असते. चपला घातल्या, निघाले. त्या कॉलनीत मग कुणीच काम दिलं नाही. बोलणारी बाई कुणाला हवी?

आता डाळमिलमध्ये डाळ निवडते. नाकातोंडात धूळ. ती कादंबरी पुन्हा मिळाली नाही. दुसरी आणली, तशीच स्वस्तातली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उघडते.

मुकादम म्हणतो, "ठेव ते."

मी ठेवत नाही. सुट्टी माझी आहे. इथूनही काढतील, ठाऊक आहे. काढू देत. मी वाचणार.