बावखलाकाठचा लव्हाळा

माझं माहेर आचोळ्यातलं, तिसऱ्या मजल्यावरचं. लग्न होऊन वसईत वाडीवाल्यांच्या घरी आले, त्याला आता तीस वर्षं होतील. तरी वाडीतलं मला काही कळत नाही, हा घरातला समज पक्का आहे.

वाडीच्या मागे आमचं बावखल आहे, केळी-माडांना पाणी पुरवणारं जुनं तळं. त्याच्या एका काठावर लव्हाळा माजलेला असायचा. कमरेएवढे झुबके, दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागायच्या. एक झुबका मुळासकट उपटायचा तर दोन माणसांचा दम निघे. त्यात पाणकोंबड्या पिल्लं काढत.

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं. हळद वाडीतच होती. फोटोवाला म्हणाला, काठावर फोटो झकास येतील, फक्त ते गवत काढा.

"भाऊजी, काठ त्या मुळांनी धरलाय," मी दिराला म्हटलं. "वरून कापा, मुळं राहू द्या."

"वहिनी, तुम्ही बिल्डिंगमधल्या. हे आमच्यावर सोडा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "लग्नघर आहे, वाद नको."

जेसीबीनं काठ खरवडला. त्यावर माती टाकली, मातीवर प्लास्टिकची हिरवळ अंथरली. फोटो सुंदर आले, खोटं कशाला बोलू?

आषाढात आधी नवी माती वाहून गेली, मग जुनीही सुटायला लागली. एका दुपारी काठावरचा माड कडाडून पाण्यात आडवा झाला. आम्ही सगळे धावलो. दीर आता काय म्हणतो याची मी वाट पाहत होते.

"म्हातारा झाला होता माड," तो म्हणाला.

"पाऊसही केवढा!" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं मान डोलावली.

"लव्हाळा होता तेव्हा पाऊस पडत नव्हता का?" माझा आवाज चढला. मग दिरानं जाहीर केलं, दिवाळसणाला जावई यायच्या आत सिमेंटची भिंत घालायची.

पलीकडच्या काठावर थोडा लव्हाळा उरला होता. एका रविवारी त्यातले झुबके खणून मी खचलेल्या कोपऱ्यात लावायला घेतले. नवरा कुदळ घेऊन आला. झुबक्यांनी मूळ धरलं, नवे कोंब आले. तेवढा कोपरा भिंतीतून वगळायचं दिरानं कबूलही केलं.

भिंतीचं काम सुरू झालं त्या दिवशी मी बाजारात गेले होते. परत आले तर कोपऱ्यावरही काँक्रीट ओतलेलं.

"गवंड्याला सांगायचं राहिलं, वहिनी," दीर म्हणाला. "दोन झुबक्यांसाठी एवढं काय?"

मी तशीच घरात आले. सासूबाई म्हणाल्या, "चकल्यांचं पीठ भिजलंय. बस करायला."

मी बसले. सोऱ्या इतक्या जोरानं पिळला की त्याची मूठ निखळून माझ्या हातात आली.