भाऊजींसाठी फाटलेला चहा

मांजरी गावच्या काकूंनी मला स्वयंपाकाला ठेवलं ते अटीवर. "दोन दिवस बघते. सकाळचा चहा जमला तर राहा, नाहीतर गावाची गाडी पकड." गाव नागपूरच्याही पलीकडं, आणि आठवीत शाळा सुटलेलीला तिकडं कोण काम देणार? इथं काकूंनी मागची खोली दिली होती. पंखा होता, दाराला आतून कडी होती. आतून कडी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. ती खोली जाऊ नये, एवढाच घोर.

पहिल्या सकाळी साखरेचा डबा सापडेना. गुळाची ढेप मात्र समोरच. घरचाच ऊस, साखर कशाला विकत आणतील, म्हणून गूळ घातला. आमच्याकडं दूध, पाणी, पत्ती सगळं एकदमच उकळतं, तसं उकळलं. चहा फाटला. पातेल्यात नुसत्या गाठी.

मागं काकू उभ्या.

"गुळाच्या चहात दूध उकळतात व्हय? आधी कोरा करायचा, काळाभोर, कडक. गॅस बंद करायचा. मग वरून दूध. शाळेत काय शिकलीस गं?"

"हे यायच्या आधीच सुटली, काकू."

पातेलं मोरीत ओतायला उचललं, तर त्यांनी हात धरला.

"थांब. भाऊजी आलेत."

भाऊजी म्हणजे काकूंचे दीर. शेजारीच राहतात. रोज सकाळी येणार, काकूंच्या आधी पेपर उघडणार, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत देश चालवणार. काकूंनी स्वतः कप भरला, न गाळता.

"घ्या भाऊजी, नव्या पोरीच्या हातचा हाय."

भाऊजींनी घोट घेतला. मग सावकाश चावला.

"वहिनी, हा खायचा का प्यायचा?"

"तुमच्या मर्जीवर हाय."

भाऊजींना एकदम बँकेतलं काम आठवलं. ते गेले, आणि काकूंनी कोरा करकरीत पेपर मांडीवर घेतला. चेहरा असा, जणू घरात लग्न ठरलंय.

"राहशील तू. उद्या मला नीट चहा कर. त्यांना मात्र आजच्यासारखाच. बिघडवू नकोस!"

दुसऱ्या दिवशी काकूंचा चहा सांगितल्यासारखा केला. कप रिकामा परत आला. मग भाऊजींचा. गूळ, दूध, सगळं एकत्र, दणकून उकळलं. फाटेना! नवी ढेप फोडली होती, तिचंच काहीतरी असेल. आणखी गूळ घातला, आणखी उकळलं. चहा नुसता दाट होत गेला, तांबूस, वर साय धरून. भाऊजी तर दारात.

कालचा अनुभव होता म्हणून त्यांनी आधी वास घेतला. मग घोट. मग पेपर बाजूला.

"वहिनी, इतक्या वर्षांत असा चहा नाही मिळाला या घरात. ही पोरगी सोडू नका. सोडलीत तर मी नेतो आमच्याकडं."

काकूंनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण आपला माणूस दिराच्या घरी जाऊ देतील त्या काकू कसल्या?

"ती कुठं जात नाय," त्या दातांतून म्हणाल्या.

भाऊजींचे उपकार मोठे. आता ते दोन कप पितात आणि दुप्पट बसतात. काकू स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारतात, "अगं, कधी फाटणार गं?"

मी त्यांच्याकडं पाठ फिरवून, गॅस बंद करून भाऊजींच्या चहात वरून दूध घालत म्हणते, "काय करू काकू, गूळच चांगला आलाय."