मामूंचा रिकामा गाल

मामूंच्या डाव्या गालात सदा तंबाखूचा बार असायचा. त्यांचं निम्मं बोलणं अंदाजानेच समजून घ्यावं लागे. वडगाव रासाईहून रांजणगावला जाणारी आमच्या कंपनीची बस ते चालवत. आम्ही बाया पुढे बसायचो, त्यामुळे त्यांची बडबड आधी आमच्या कानावर पडे.

वेळेचे मात्र भलते कडक. डबा सावरत धावत येणाऱ्या बाईला आरशात बघायचे आणि खुशाल गिअर टाकायचे. "बस कुनासाठी थांबत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझीही चुकवली, तेव्हा मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. तर ईदला शिरखुर्म्याचा डबा त्यांनी माझ्याच मांडीवर आणून ठेवला. अशा माणसावर रागवायचं तरी किती?

कंपनीच्या तपासणीत त्यांना बीपी निघालं. थोडे दिवस गोळी घेतली, बरं वाटलं, बंद केली. जेवणात मिठात मुरलेली मिरची रोजची. मी हटकलं की म्हणायचे, "डोकं दुखत न्हाई, तर गोळी कशापायी? तू पॅकिंग बघ, मी गाडी बघतो."

त्या सकाळी त्यांची जीभ फारच जड झाली होती. आज बार मोठा भरलाय, म्हणून बाया हसल्या. मलाही तसंच वाटलं. तेवढ्यात बस कडेच्या मातीत उतरली आणि पुन्हा वर आली. त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर पडला होता. गाडी बाजूला घ्या म्हणून मी ओरडले, त्यांनी कसाबसा ब्रेक दाबला.

"मामू, आधी तंबाखू थुंका, मग बोला," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं. गाल रिकामा होता. ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता.

मग सगळे शहाणे जागे झाले. कुणी पाणी पाजायला आलं, कुणी कांदा हुंगवायला. एक म्हणे अंगावरून वारं गेलंय, तेल चोळणाऱ्याकडे न्या. दुसरा म्हणे घटकाभर पडू द्या, उतरेल. मी तांब्या हिसकावून घेतला. आमच्या आप्पांना असाच झटका आला तेव्हा असंच पाणी पाजलं, असंच तेल चोळत बसले, आणि आप्पा पुन्हा कधी बोलले नाहीत. पण माझं ऐकतो कोण?

मामूंनी उजव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. शब्द तुटत होते, पण वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

"बस... थांबत... न्हाई."

मागे बसलेला कंपनीतला एक फिटर उठून स्टिअरिंगवर बसला आणि कंपनीचा फाटा मागे टाकून बस थेट पुण्याच्या इस्पितळाकडे निघाली. मामूंचं डोकं मी मांडीवर धरलं होतं. रस्ता संपता संपत नव्हता. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की त्रास कधी सुरू झाला. मग मामूंना हसायला, दोन्ही हात वर करायला, नाव सांगायला लावलं. लकवा आहे, पण वेळेत आणलंत, म्हणाले.

मामू वाचले. हात पुरता सुधारला नाही, गाडी सुटली. तंबाखूही सुटली आणि त्यांचं बोलणं आम्हाला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं. रोज सकाळी ते थांब्यावरच्या दगडावर येऊन बसत आणि चढणाऱ्याला अडवत. "हस बघू. दोन्ही हात वर कर. नाव सांग. बीपीची गोळी घेतली का?" नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, तर त्यालाच दटावायचे, थांब म्हणून. चारचौघांत हा काय तमाशा, म्हणून मी चिडायचे आणि हात वर करायचे.

आता मामू नाहीत. बस आली की मी त्या दगडाकडे बघून हसते, दोन्ही हात वर करते, नाव मोठ्याने सांगते. नव्या पोरी एकमेकींकडे बघतात. बघू देत.