जिभेखालचा धागा

ये गं वैशाली, अशी जवळ बस. फोनवर काय म्हणालीस, "पोरं बोलतात सावकाश"? अडीच वर्षांचा झाला ना तुझा मुलगा! वाट बघत बसायला कुणी सांगितलं गं तुला? ऐक आता.

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला बालवाडी चालवायचे. त्यात मंदा होती, चार वर्षांची. शब्द म्हणून नाही, नुसतं आ-आ. एका सकाळी तिची आई पार्वती म्हणाली, "बाई, उद्या मंदा येणार नाही. सासूबाई तिला नाक्यावरच्या जडीबुटीवाल्याकडे नेतायत. जिभेखालचा धागा कापला की बोलेल म्हणतो."

"कशानं कापणार?"

"वस्तऱ्यानं."

जिभेखाली पातळ पडदा असतो, तोच हा धागा. आखडलेला असला तर डॉक्टरही कापतात. पण या जडीबुटीवाल्यानं कापलं आणि रक्त थांबलं नाही तर?

"आजच डॉक्टर शोधू," मी म्हटलं.

"आणि नाही मिळाला तर? सासूबाई ऐकायच्या नाहीत हो."

मासिकात एक शब्द वाचला होता, स्पीच थेरपिस्ट. म्हणजे अडलेलं बोलणं सोडवणारे. बालवाडी सुटल्यावर केमिस्टला विचारलं, "इथे स्पीचवाले कोण आहेत?" त्यानं लगेच पत्ता दिला. मंदाला घेऊन आम्ही दोघी धावत गेलो. आत एक मुलगी हात उंचावून ओरडत होती, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग..." वक्तृत्वाचा क्लास! वाट लागली.

क्लासचे सर हसून म्हणाले, "हिला स्पर्धेत उतरवायचंय?"

पार्वतीला रडूच फुटलं. मी सगळं सांगितलं. सरांचं हसू गेलं.

"मी कॉलेजात असताना तोतरा होतो, बाई. मुलुंडच्या एका स्पीच थेरपिस्ट मॅडमनी मला बोलतं केलं. चला, मीच येतो."

मुलुंडला मॅडमनी मंदाची जीभ वरखाली करून पाहिली. "जीभ छान आहे." मग गुपचूप तिच्या मागे जाऊन पत्र्याचा डबा बडवला. आम्ही तिघं दचकलो. मंदा बाहुलीशी खेळत राहिली.

"हिला ऐकूच येत नाही. जीभ कसली कापताय?"

पार्वतीनं मंदाला उचललं, घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, आणि वस्तरा टळला.

पुढे कानाला यंत्र लागलं, मॅडमची शिकवणी कितीतरी वर्षं चालली. मंदा जाड आवाजात, ओढून, पण बोलली. पहिला स्पष्ट शब्द "नको". तोही आजीला!

म्हणून सांगते, जिभेला दोष देण्याआधी कान बघावा. रविवारी बाळाला घेऊन ये. मी त्याच्या मागे ताट वाजवणार आहे. तू दचकू नकोस. तो दचकायला हवा.