अण्णाला समोरचं दिसत होतं

अण्णा जाऊन सात आठवडे झाले. दुपारी वाशीच्या आमच्या ऑफिसात फोन आला, अण्णाच्या शेजाऱ्यांनी एसटीडी बूथवरून केलेला. रस्ता ओलांडताना डावीकडून टेम्पो आला, अण्णा जागच्या जागी... सगळ्यांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. पण तो टेम्पो अण्णाला दिसलाच नसणार, हे मला ठाऊक होतं.

माझा हा थोरला भाऊ पावण्यातल्या एका लहान कारखान्यात टर्नर होता. लेथवर केसाइतका फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि त्याच नजरेनं त्याला फसवलं. दोन वर्षांपूर्वी खांदा चौकटीला आपटू लागला, ताटाशेजारचा तांब्या कलंडू लागला. मी रजा काढून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ त्यानं धडाधड वाचली आणि माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. मग डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. काचबिंदू. आतलं पाणी नीट निचरत नाही, दाब वाढतो आणि पडद्यापासून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, असं त्यांनी समजावलं. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं बरेच दिवस टिकतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेलं परत येणार नाही, पण थेंबांनी उरलेलं वाचेल. भावंडांनीही तपासून घ्या, म्हणाले.

हे 'उरलेलं' अण्णाला कधी पटलंच नाही. थेंब झोंबायचे, फरक काही दिसायचा नाही. चार महिन्यांत त्यानं ते बंद केले. मी दर रविवारी दिघ्याला त्याच्या घरी जाऊन भांडायचे.

"सुमे, दुखत नाय, खुपत नाय. पेपर वाचतोय ना मी? टेन्शन कशाला घेतेस?"

"आणि बाजूचं?"

"बाजूला बघायचंच कशाला?"

वहिनी हसली. मीही हसले. त्या हसण्याचा आज संताप येतो. माझे स्वतःचे डोळे तरी मी कुठे तपासून घेतले होते? गेले ती अण्णाच्या तेराव्यानंतर.

परवा दिघ्याला रंगाचं काम चाललं होतं. दारापासून मोरीपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळा, तेलकट पट्टा दिसला. वहिनी म्हणाली, "कामावरून आले की भिंतीला हात लावत आत यायचे. मी ओरडायचे, भिंत खराब करता म्हणून."

म्हणजे त्याला कळत होतं... आणि तो बोलला नाही.

रंगाऱ्याला वहिनीनं तेवढी भिंत सोडायला सांगितली आहे.